निळ्या थेंबाची गोष्ट: यकृत, लोकर आणि केस

परदेशात येऊन वर्ष-दीड वर्ष झालं की मराठी मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "इथल्या पाण्याने केस गेले." दुबईत समुद्राच्या गोड केलेल्या पाण्याला दोष दिला जातो, लंडनमध्ये जड पाण्याला, अमेरिकेत क्लोरीनला. मग भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत माक्याचं तेल, जास्वंदीची पावडर, कुणा वैद्यांची पुडी असं काहीबाही येत राहतं. गेल्या काही वर्षांत या यादीत निळ्या रंगाच्या एका छोट्या बाटलीची भर पडली आहे. ड्रॉपरने चार थेंब भांगात सोडायचे आणि हलक्या हाताने चोळायचे. बाटलीवर लिहिलेलं असतं: कॉपर पेप्टाइड.

नाव ऐकून आपल्या लोकांना एक सुखद ओळख पटते. कॉपर म्हणजे तांबं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं हे आपण आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. तेव्हा तांबं केसांना चांगलं असणारच, असं मन परस्पर ठरवून टाकतं. बाटलीतला निळा रंग खराच तांब्याचा आहे, आपल्या मोरचुदाचा असतो तसा. पण हा थेंब तिथवर आला तो आजीच्या तांब्यातून नव्हे. त्याचा रस्ता ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्या, सॅन फ्रान्सिस्कोतलं यकृत, टोरांटोतलं लहान मुलांचं इस्पितळ आणि सोलमधली केसमुळं असा गेला आहे. त्या रस्त्याला एक वळण आपल्या पुण्याचंही आहे, आणि ते मात्र आजीच्या भांड्यापाशीच जातं.

मेंढ्यांची लोकर

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीवर मेंढपाळांना एका आजाराने छळलं होतं. चारा डोळ्यांना हिरवागार दिसायचा, पण मेंढ्या खंगत जायच्या. त्यांच्या लोकरीतली नैसर्गिक नागमोडी वळणं नाहीशी व्हायची, लोकर तारेसारखी सरळ आणि चकचकीत व्हायची. तिथे या लोकरीला पोलादी लोकर म्हणायचे. काळ्या मेंढीची लोकर तर पांढुरकी पडायची. १९३०च्या दशकात अॅडलेडमधल्या हेडली मार्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं मूळ जमिनीत शोधलं. त्या जमिनीत कोबाल्ट आणि तांबं कमी होतं. ही दोन्ही मूलद्रव्यं चिमूटभर पुरवली की मेंढ्या सुधारायच्या आणि नव्याने येणारी लोकर पुन्हा वळणदार निघायची.

कारण रसायनशास्त्रात आहे. केस काय, लोकर काय, दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे. या प्रथिनाच्या धाग्यांना गंधकाचे पूल एकमेकांशी जखडून ठेवतात. हे पूल बांधायला तांबं लागतं. केसाला काळा रंग देणारं मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, तेही तांब्यावर चालतं. तांबं संपलं की पूल अर्धवट राहतात आणि रंगही उडतो.

हे मेंढ्यांपुरतं राहिलं असतं. पण १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन मेंकेस या डॉक्टरांनी एकाच घराण्यातल्या पाच मुलग्यांची नोंद प्रसिद्ध केली. ही बाळं जन्मतः बरी वाटायची, काही आठवड्यांनी मागे पडायला लागायची, आकड्या यायच्या, मेंदू झिजत जायचा. आणि सगळ्यांचे केस विचित्र होते: विरळ, फिक्कट, तुटके, पिळलेले. आजाराला मेंकेस यांचं नाव मिळालं, कारण मात्र कळलं नाही. दहा वर्षं गेली. १९७२ मध्ये मेलबर्नच्या मुलांच्या इस्पितळात डेव्हिड डँक्स यांच्यासमोर अशी बाळं आली. डँक्स ऑस्ट्रेलियन असल्यामुळे त्यांना मेंढ्यांची पोलादी लोकर माहीत होती. बाळाचे केस पाहून त्यांना तीच आठवली. रक्तातलं तांबं तपासलं, ते अगदीच कमी निघालं. अन्नातून येणारं तांबं आतड्यातून पुढे रक्तात जातच नव्हतं. त्यामागचं जनुक १९९३ साली तीन गटांनी एकाच सुमारास शोधलं. आज त्याला एटीपी७ए म्हणतात.

केस आणि तांबं यांचं नातं माणसांत असं पक्कं झालं. एक गोष्ट मात्र इथेच ध्यानात ठेवलेली बरी. तांबं मिळालंच नाही तर केस बिघडतात, हे सिद्ध आहे. तांबं जास्त दिलं की केस जास्त येतात, हे त्यातून निघत नाही. मिठाशिवाय आमटी अळणी लागते म्हणून दुप्पट मीठ घातल्याने ती दुप्पट चवदार होत नाही.

तरुण रक्त, म्हातारं यकृत

आता सॅन फ्रान्सिस्को. डँक्स मेलबर्नमध्ये बाळांचे केस पाहत होते त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन पिकार्ट नावाचे जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी यकृतावर काम करत होते. केसांचा विषय त्यांच्या डोक्यातही नव्हता. प्रश्न असा होता की म्हाताऱ्या माणसाच्या यकृताच्या पेशी तरुण माणसाच्या रक्तद्रवात ठेवल्या तर काय होईल? उत्तर असं आलं की त्या पेशी तरुण पेशींसारखी प्रथिनं बनवू लागतात. म्हणजे तरुण रक्तात असं काहीतरी होतं, जे वय झालेल्या रक्तात कमी होतं.

ते काहीतरी वेगळं काढता काढता हाती लागला एक इवलासा रेणू. प्रथिन म्हणजे शेकडो अमिनो आम्लांची लांब माळ. हा रेणू म्हणजे त्या माळेचे तीनच मणी: ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. तिन्ही मण्यांच्या इंग्रजी खुणांवरून याचं नाव पडलं जीएचके. पिकार्ट आणि त्यांचे मार्गदर्शक मायकल थेलर यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये 'नेचर न्यू बायोलॉजी'त आला. त्यात म्हटलं होतं की हा रेणू यकृताच्या निरोगी पेशींना जास्त काळ जगवतो, आणि यकृताच्या गाठीतल्या पेशींची वाढही वाढवतो. आजच्या जाहिरातींत या वाक्याचा पहिला अर्धा भाग दिसतो.

मग १९८० साली 'नेचर'मध्ये दुसरा निबंध आला आणि तांबं गोष्टीत शिरलं. जीएचके एकटा फिरत नाही, तो तांब्याचा अणू उचलतो आणि बहुधा पेशीपर्यंत पोचवतो, अशी मांडणी पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी केली. या जोडीलाच पुढे कॉपर पेप्टाइड म्हणू लागले.

वयाची बाबही लगेच पुढे आली. पिकार्ट यांच्या लेखनात आकडे येतात ते असे: विशीत रक्तद्रवाच्या एका मिलिलीटरमध्ये जीएचके सुमारे २०० नॅनोग्रॅम असतं, साठीत ते ८० वर येतं. हे दोन आकडे आज जगभरच्या बाटल्यांच्या माहितीपत्रकांत छापलेले असतात. ते वाचताना सावध राहावं. वयाबरोबर शरीरात शेकडो गोष्टी कमी होतात. कमी होणारी प्रत्येक गोष्ट म्हातारपणाचं कारण असेलच असं नाही, आणि ती बाहेरून भरली की वय मागे जाईल असंही नाही.

टोरांटोतला दुवा

या दोन धाग्यांची, म्हणजे मेंकेसच्या बाळांची आणि पिकार्टच्या रेणूची, गाठ एका माणसाच्या प्रयोगशाळेत पडते. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा माणूस जवळचा वाटावा. बिबुधेंद्र सरकार हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले बंगाली रसायनशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियात डॉक्टरेट करून ते १९६०च्या दशकात टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळात आले आणि आयुष्यभर तांब्याच्या मागे राहिले. १९६६ मध्ये त्यांनी थिओ क्रुक यांच्याबरोबर दाखवून दिलं की माणसाच्या रक्तात तांब्याचा काही भाग हिस्टिडिन या अमिनो आम्लाला धरून फिरतो. पुढे हीच तांबं-हिस्टिडिनची जोडी मेंकेसच्या बाळांना इंजेक्शनवाटे देण्यात आली. आतड्याचा बंद दरवाजा टाळून तांबं थेट शरीरात न्यायचं, अशी कल्पना. उपचार जन्मानंतर अगदी लवकर सुरू झाला तर काही मुलं जगली, मोठी झाली. उशीर झाला तर मेंदूची हानी भरून येत नाही.

आता जीएचकेमधला मधला मणी आठवा: हिस्टिडिन. तांब्याला धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. १९८१ मध्ये सरकार यांच्याच प्रयोगशाळेतून जीएचके आणि तांब्याच्या बंधाचा बारकाईने केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातलं अल्ब्युमिन हे मोठं प्रथिनही तांबं वाहून नेतं. जीएचकेची तांब्यावरची पकड साधारण अल्ब्युमिनच्याच तोलाची आहे, त्यामुळे तो अल्ब्युमिनकडून तांबं घेऊ शकतो आणि पुढे देऊही शकतो.

तांबं असं कुणाच्या तरी हातात असणं महत्त्वाचं आहे. सुटं तांबं पेशीत गेलं तर ते विषासारखं वागतं, म्हणून शरीर त्याला कधी एकटं सोडत नाही. हे पुण्याच्या वळणावर पुन्हा लागेल.

जखमेवरून केसांकडे

१९८०च्या दशकात संशोधनाची दिशा त्वचेकडे वळली. १९८८ साली फ्रान्समध्ये फ्रँस्वा-झाव्हिए माकार यांच्या गटाने दाखवलं की जीएचके-तांब्याच्या जोडीने त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी जास्त कोलॅजन बनवतात. कोलॅजनच्या एका साखळीत जीएचके हा तुकडा आधीपासूनच असतो. तेव्हा कल्पना अशी पुढे आली की जखम झाली, कोलॅजन तुटलं, की हा तुकडा सुटतो आणि दुरुस्तीची वर्दी देतो. कल्पना सुंदर आहे यात शंका नाही.

पिकार्ट यांनी १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात प्रोसाइट नावाची कंपनी काढली होती. ध्येय मोठं होतं: मधुमेही पायाच्या जखमा, शिरांच्या विकाराने पायावर होणारे, महिनोन्महिने न भरणारे व्रण. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, त्यामुळे अशा औषधाची किंमत वेगळी सांगायला नको.

इथे गोष्टीला खीळ बसली. १९९२ मध्ये शिरांच्या व्रणांवरची एक तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात चांदीचं जुनं मलम लावलेले रुग्ण सुधारले, तांब्याच्या पेप्टाइडचं मलम मात्र औषध नसलेल्या मलमापेक्षा सरस ठरलं नाही. १९९४ मध्ये मधुमेही व्रणांवर काही आशादायक निकाल आले, पण शेवटच्या टप्प्यातल्या मोठ्या चाचण्यांनी अपेक्षा पुऱ्या केल्या नाहीत. जखम भरणारं औषध म्हणून मान्यता मिळाली नाही. जखम ओलसर ठेवणारं जेल म्हणून ते बाजारात आलं.

केसांचा मुद्दा या जखमांच्या कामातूनच निघाला. पिकार्ट यांनी लिहिलं आहे की प्रयोगातल्या उंदरांच्या जखमांच्या कडेने केसांची मुळं मोठी झालेली दिसली. १९९१ मध्ये एका विशिष्ट जातीच्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. या उंदरांच्या पाठीवरचे सगळे केस एकाच वेळी विश्रांतीत जातात, तेव्हा त्वचा गुलाबी दिसते. केस पुन्हा वाढू लागले की ती काळसर होते. त्यामुळे एखाद्या द्रव्याने केस जागे झाले का, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. कॉपर पेप्टाइडने ते जागे झाले. १९९३ मध्ये विस्कॉन्सिनचे हिदेओ उनो यांनी आखूड मऊ लव असलेल्या उंदरांवर अशाच एका पेप्टाइडचा परिणाम मिनॉक्सिडिलच्या जवळपास असल्याचं नोंदवलं.

हे मिनॉक्सिडिल आधी रक्तदाबाची गोळी होतं. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस येऊ लागले, म्हणून ते डोक्याला लावायचं ठरलं. अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला पुरुषांच्या टकलावर मान्यता मिळाली. १९९७च्या डिसेंबरात फिनास्टराइडची गोळी आली. तिच्या मुख्य चाचण्यांत १,५५३ पुरुष होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटी गोळी, आणि वर्षानुवर्षं केसांची मोजणी. कॉपर पेप्टाइडने ही पायरी कधी ओलांडली नाही. प्रोसाइटने ट्रायकोमिन नावाचा फवारा आणि केसरोपणानंतर टाळू सांभाळणारी ग्राफ्टसाइट ही उत्पादनं काढली. २००५ मध्ये कंपनी फोटोमेडेक्सने विकत घेतली. पिकार्ट त्याआधीच बाहेर पडून आपली वेगळी कंपनी चालवत होते.

सोलमधली केसमुळं

उंदीर झाले, आता माणूस. २००७ साली सोलमधल्या संशोधकांनी माणसाच्या टाळूतली केसमुळं काढून काचेच्या बशीत वाढवली. त्यांत जीएचकेचा चुलतभाऊ, एएचके आणि तांबं, मिसळलं. यात पहिला मणी ग्लायसिनऐवजी अॅलानिनचा असतो, इतकाच फरक. मुळातून केस जास्त लांब वाढला. केसाच्या बुडाशी त्याला हुकूम देणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो, त्या पेशी जास्त वाढल्या आणि कमी मेल्या. हा परिणाम दिसला तो अतिसूक्ष्म मात्रेत. मोजमाप करणाऱ्याला दशांश चिन्हानंतर शून्यं मोजत बसावं लागेल इतक्या.

२०१६ मध्ये कोरियातूनच आणखी एक चाचणी आली, या वेळी जिवंत माणसांच्या डोक्यावर: ४५ पुरुष, तीन गट, सहा महिने. औषध लावलेल्या गटांत केसांची संख्या खोट्या औषधाच्या गटापेक्षा जास्त वाढली. बातमी चांगली आहे, पण बारीक अक्षरं वाचायला हवीत. त्या द्रव्यात जीएचकेला ५-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल नावाचं दुसरंच द्रव्य जोडलेलं होतं. त्यामुळे ती चाचणी निळ्या बाटलीची चाचणी नव्हे. आणि ४५ कुठे, १,५५३ कुठे.

मग रेणू त्वचेतून आत जातो का, हाही प्रश्न राहतो. पिकार्ट यांच्याच जुन्या गावी, सॅन फ्रान्सिस्कोत, हॉवर्ड माइबाख आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये माणसाच्या त्वचेच्या तुकड्यावर मोजमाप केलं. तांब्याचा काही भाग आत जातो आणि त्वचेत साठतोही, असं दिसलं. म्हणजे वरवर राहून धुऊन जातं असं नाही. पण त्वचेत पोचणं आणि टक्कल थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरुषी टकलामागे डीएचटी या संप्रेरकाला दबणारी केसमुळं असतात, आणि त्या मुळांवर तांब्याचा थेंब काय करतो हे मोठ्या चाचणीत कुणी मोजलेलं नाही.

पुण्याचं दूध

तांबं नैसर्गिक आहे, आपल्या परंपरेतलं आहे, मग त्यापासून नुकसान कसलं, हा युक्तिवाद आपल्या लोकांना चटकन पटतो. त्याला पुण्याने दिलेलं उत्तर प्रत्येक मराठी घराला माहीत असायला हवं, पण ते फार थोड्यांना माहीत आहे.

विसाव्या शतकात भारतात लहान मुलांचा एक भयंकर आजार होता. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुलं. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं कडक व्हायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. एकाच घरातली दोन-तीन भावंडं जायची. डॉक्टरी पुस्तकांत त्याचं नावच भारतीय बालयकृतविकार असं पडलं होतं. यकृताचे तुकडे तपासले तेव्हा त्यांत तांबं खच्चून भरलेलं आढळलं.

१९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले आनंद पंडित आणि शीला भावे, तसंच ब्रिटनमधले स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या घरांत डोकावायचं ठरवलं. आजारी मुलं आणि त्याच वयाची निरोगी मुलं यांच्या आहाराची तुलना केली. फरक सापडला तो दुधात. आजारी मुलांना आईचं दूध लवकर कमी होऊन गाई-म्हशीचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं होतं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं ओढून घेतं. तान्ह्या बाळाच्या यकृताला ते बाहेर टाकायची ताकद नसते. घरातलं सर्वांत चांगलं भांडं बाळाच्या दुधासाठी काढणाऱ्या आईला हे कळणार कसं?

भांडी बदलली, स्टील आलं, दूध स्टीलच्या पातेल्यात तापू लागलं, आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. ज्या मुलांचं निदान लवकर झालं त्यांना तांबं बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामिनने वाचवता आलं. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही १९०० ते १९७४ या काळात अशा १३८ बाळांची नोंद निघाली. तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी आणि गाईचं दूध हीच जोडी होती. यात भारतीय असं काही नव्हतंच, आजार भांड्यातला होता.

आपल्या जुन्या स्वयंपाकघराला यातलं अर्धं ठाऊक होतं. तांब्याच्या भांड्यात पाणी चालतं, ताक नाही. पितळेच्या पातेल्याला कल्हई हवी, आमटी-कढी कल्हईच्या पातेल्यातच. दारावर कल्हईवाला यायचा तो शोभेसाठी नव्हे. 'तांबं चांगलं' या वाक्यात परंपरेने कायम एक अट घातलेली होती. ती अट आपण वाटेत कुठेतरी हरवली आणि वाक्य तेवढं परदेशात घेऊन आलो.

'उगवतात' आणि 'दिसतात'

मग बाजारात ही बाटली बिनदिक्कत कशी मिळते? याचं उत्तर शब्दांत आहे. अमेरिकन कायद्यात एखादी वस्तू औषध की प्रसाधन, हे ती काय असल्याचा दावा करते त्यावर ठरतं. शरीराच्या रचनेत किंवा कार्यात बदल घडवते म्हटलं की ते औषध, मग चाचण्या दाखवा. रूप खुलवते म्हटलं की प्रसाधन. १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी, केस उगवण्याचा दावा करणारी बाहेरून लावायची द्रव्यं परिणामकारक मानली जाणार नाहीत, त्यांना नव्या औषधासारखी परवानगी लागेल. त्यामुळे बाटलीवरची क्रियापदं फार विचार करून निवडलेली असतात. केस 'दाट दिसतात', टाळू 'निरोगी भासते', मुळांना 'आधार मिळतो'. 'उगवतात' हा शब्द शोधून सापडत नाही. आपण घरी आल्यावर तो आपल्याच मनाने भरतो.

आणखी एक गोष्ट जाणून असावी. या विषयावरचे लोकप्रिय आढावालेख बऱ्याच अंशी पिकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहेत, आणि पिकार्ट ही उत्पादनं विकतही होते. यात लपवाछपवी नव्हती आणि त्यांचा मूळ शोध खोटा ठरत नाही. पण आंबेवाल्याला आंब्याची गोडी विचारताना आपण जितका विवेक ठेवतो, तितका इथेही ठेवावा.

बाटलीपर्यंत ठीक आहे. टाळूवर लावलेल्या थेंबांनी बहुतेकांना त्रास होत नाही. कुणाला खाज किंवा लाली येते, ती बंद केल्यावर जाते. काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. हल्ली हाच रेणू पावडरच्या कुपीत इंटरनेटवर मिळतो आणि लोक घरी इंजेक्शन टोचून घेतात. 'केवळ संशोधनासाठी' असं त्यावर लिहिलेलं असतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने इंजेक्शनच्या रूपातल्या जीएचके-कॉपरला, औषधं बनवून देणाऱ्या फार्मसींच्या संदर्भात, सुरक्षिततेचे गंभीर प्रश्न असलेल्या द्रव्यांच्या गटात टाकलं. कातडीवर चार थेंब आणि रक्तात थेट तांबं यांतलं अंतर पुण्याच्या त्या दुधाने आपल्याला आधीच शिकवलेलं आहे.

दुसऱ्या टोकाचीही एक चूक होते. केस गळतात म्हणून अनेक जण जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, जबरदस्त गोळ्या महिनोन्महिने घेतात. जास्तीचं जस्त आतड्यात तांब्याची वाट अडवतं. मग खरोखरच तांब्याची कमतरता होऊ शकते, रक्त कमी होतं, नसांना इजा होते. मोठ्या माणसाला दिवसाला तांबं लागतं एक मिलिग्रॅमहूनही थोडं कमी, ०.९ मिलिग्रॅम. तीळ, काजू, डाळी, कडधान्यं खाणाऱ्या मराठी ताटात ते सहज येतं. तांब्याच्या कमतरतेमुळे टक्कल पडलेला निरोगी माणूस शोधून सापडणं कठीण.

केस गळू लागल्यावर माणूस हळवा होतो. नव्या देशात तर जास्तच. आरशात रोज थोडा अनोळखी चेहरा दिसतो आणि त्यासाठी पाणी, हवा, शॅम्पू, कुणीतरी दोषी हवं असतं. अनेकदा कारण साधं असतं: वडिलांकडून आलेला वारसा, बाळंतपण, थायरॉइड, लोह कमी होणं, स्थलांतराच्या वर्षातला ताण. यातली बरीचशी एका रक्ततपासणीत किंवा त्वचारोगतज्ज्ञाशी अर्ध्या तासाच्या बोलण्यात कळतात, आणि ज्यांच्यामागे भक्कम चाचण्या आहेत असे उपचारही आहेत. त्यांत जितका उशीर होतो, तितकी सुप्त झालेली मुळं कमी उरतात. निळ्या बाटलीची खरी किंमत तिच्यावरच्या चिकटपट्टीवर नसते. तिची वाट पाहण्यात गेलेल्या वर्षाच्या रूपाने ती मोजावी लागते.

तरीही या रेणूला खोटं म्हणून मोडीत काढावंसं वाटत नाही. मेलबर्नच्या एका डॉक्टराने बाळाच्या डोक्यात मेंढीची लोकर पाहिली, बनारसहून निघालेल्या एका रसायनशास्त्रज्ञाने रक्तातल्या तांब्याची वाट शोधली, पुण्याच्या डॉक्टरांनी दुधाच्या भांड्याकडे बोट दाखवलं. त्यातून मुलं वाचली. कॉपर पेप्टाइड हे या मोठ्या अभ्यासाचं एक लहानसं, अर्धवट लिहिलेलं पान आहे. कोणी हजार-दीड हजार माणसांवर नीट चाचणी केली तर ते पुरं होईल, कदाचित केसांच्या बाजूनेही. तोवर ज्याला हवी त्याने बाटली जरूर घ्यावी. फक्त घेताना तिच्यावरचं क्रियापद वाचावं.